प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि घरातला लॅपटॉप: नेटवर्कवरून जोडणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॉलमध्ये टीव्ही एकच, संध्याकाळी त्यावर मालिका किंवा मॅच, आणि गेमिंग कन्सोल त्याच टीव्हीखाली. येणाऱ्या बहुतेक प्रश्नांचं मूळ हेच असतं: टीव्ही न अडवता आतल्या खोलीत लॅपटॉपवर खेळायचं कसं? इथली उत्तरं प्लेस्टेशन ४ आणि ५, तसंच एक्सबॉक्स वन आणि सीरीज एस/एक्स यांना धरून आहेत. लॅपटॉप विंडोज १० किंवा ११ चा गृहीत धरला आहे. मॅक, लिनक्स आणि स्विचवाल्यांनी थेट प्रश्न १९ वर जावं.

१. टीव्हीची एचडीएमआय वायर काढून लॅपटॉपला लावली, पण स्क्रीनवर काहीच येत नाही. पोर्ट गेला का?

पोर्ट शाबूत आहे. लॅपटॉपचा एचडीएमआय पोर्ट चित्र बाहेर पाठवतो, आत घेत नाही. कन्सोलचा पोर्टही चित्र पाठवणाराच. म्हणजे वायरच्या दोन्ही टोकांना पाठवणारेच बसलेत. वायर महागाची आणून किंवा ड्रायव्हर बदलून यात फरक पडत नाही.

वायरनेच चित्र घ्यायचं असेल तर मध्ये कॅप्चर कार्ड (एचडीएमआयचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारं उपकरण) लागतं. प्लेस्टेशन असेल तर एचडीएमआय सेटिंगमध्ये जाऊन 'एचडीसीपी' (चित्राची नक्कल रोखणारं संरक्षण) बंद करावं लागतं, नाहीतर कार्डावर काळा पडदा दिसतो. यूट्यूबसाठी रेकॉर्डिंग करणाऱ्यांना हा खर्च परवडतो. फक्त खेळायचं असेल तर नेटवर्कचा रस्ता फुकट आहे, आणि पुढची सगळी उत्तरं त्याचीच आहेत.

२. नेटवर्कवरून खेळतो तेव्हा गेम लॅपटॉपवर चालतो की कन्सोलवर?

कन्सोलवर. कन्सोल गेमचं चित्र दाबून लहान करतो आणि राउटरमार्फत लॅपटॉपकडे पाठवतो. लॅपटॉप ते उलगडून दाखवतो. तुम्ही दाबलेली बटणं त्याच रस्त्याने उलटी जातात. यालाच 'रिमोट प्ले' म्हणतात. म्हणून लॅपटॉपला ग्राफिक्स कार्ड नसलं तरी चालतं.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे एका चित्राच्या वाट्याला सुमारे १७ मिलिसेकंद येतात. वाटेत एखादं चित्र ५० मिलिसेकंद अडकलं की ते डोळ्यांना कळतं आणि हाताला त्याहून जास्त. वेगाच्या आकड्यापेक्षा हा अडकण्याचा वेळ महत्त्वाचा आहे.

३. प्लेस्टेशन जोडायची पद्धत सुरुवातीपासून सांगाल का?

प्लेस्टेशन ५ वर 'सेटिंग्ज', मग 'सिस्टीम', मग 'रिमोट प्ले' उघडा आणि 'एनेबल रिमोट प्ले' चालू करा. प्लेस्टेशन ४ वर 'सेटिंग्ज'मध्येच 'रिमोट प्ले कनेक्शन सेटिंग्ज' असा वेगळा मेनू आहे. तिथे रिमोट प्ले चालू करा आणि 'अकाउंट मॅनेजमेंट'मध्ये जाऊन तो कन्सोल 'प्रायमरी' करून ठेवा.

लॅपटॉपवर सोनीचं 'पीएस रिमोट प्ले' हे मोफत अ‍ॅप टाका. कन्सोलवर जे अकाउंट आहे त्यानेच साइन इन करा. कंट्रोलर यूएसबीने लॅपटॉपला जोडा आणि अ‍ॅपला कन्सोल शोधू द्या. आपोआप सापडला नाही तर कन्सोलच्या 'लिंक डिव्हाइस' पर्यायात ८ आकडी कोड दिसतो, तो अ‍ॅपमध्ये टाका. तरीही जमलं नाही तर प्रश्न ९.

साध्या प्लेस्टेशन ४ वर चित्र जास्तीत जास्त ७२०पी मिळतं. प्लेस्टेशन ४ प्रो आणि प्लेस्टेशन ५ वर १०८०पी मिळतं. रिमोट प्लेला प्लेस्टेशन प्लसची (सोनीची पैसे भरून घ्यायची) मेंबरशिप लागत नाही. ती ऑनलाइन मल्टिप्लेअरसाठी असते आणि तो हिशेब एरवीसारखाच राहतो.

४. एक्सबॉक्सला हेच लागू होतं का?

कल्पना तीच, मेनू वेगळे. कन्सोलवर 'सेटिंग्ज', 'डिव्हाइसेस अँड कनेक्शन्स', 'रिमोट फीचर्स' इथे जाऊन परवानगी द्या आणि पॉवर मोड 'स्लीप' ठेवा. लॅपटॉपवर एक्सबॉक्स अ‍ॅप उघडा, त्याच अकाउंटने आत जा आणि आपला कन्सोल निवडा. स्वतःच्या कन्सोलवरून असं खेळायला गेम पास (मायक्रोसॉफ्टची वर्गणी) लागत नाही.

५. माझा प्लॅन ४० एमबीपीएसचा आहे. लॅग घालवायला २०० चा घेऊ का?

नका घेऊ. कन्सोल आणि लॅपटॉप एकाच घरात, एकाच राउटरवर असतील तर खेळाचं चित्र घराबाहेर जातच नाही. साइन इन करण्यापुरतं इंटरनेट लागतं, बाकी सगळी वाहतूक कन्सोल, राउटर आणि लॅपटॉप या तिघांत होते. सोनी रिमोट प्लेसाठी किमान ५ आणि शक्यतो १५ एमबीपीएस सुचवते, आणि तेवढा वेग कुठलाही बरा राउटर घरातल्या घरात देतो.

इतकं ठासून सांगायचं कारण म्हणजे लॅगची तक्रार केली की कस्टमर केअर वरचा प्लॅन सुचवतं. लोक वर्षभराचे पैसे भरतात आणि चित्र तसंच अडखळत राहतं. त्या पैशांतली थोडी रक्कम लॅनच्या वायरवर घाला. का, ते प्रश्न ७ मध्ये आहे.

६. मग यात डेटा खर्च होत नाही?

घरातल्या घरात जवळपास नाहीच. घराबाहेरून खेळलात तर मात्र होतो: १५ एमबीपीएसने एक तास म्हणजे पावणेसात जीबीच्या आसपास. मोबाईल हॉटस्पॉटवर खेळायच्या आधी हा आकडा डोक्यात ठेवा.

७. वायफायवर चालेल ना? वायर टाकायला घरचे तयार नाहीत.

चालेल. पण निदान एका टोकाला वायर लावता आली तर लावाच, आणि ते टोक कन्सोलचं असू द्या.

कन्सोल आणि लॅपटॉप दोन्ही वायफायवर असले की प्रत्येक चित्र हवेतून दोनदा जातं: आधी कन्सोलकडून राउटरकडे, मग राउटरकडून लॅपटॉपकडे. वायफायच्या एका चॅनलवर एका वेळी एकालाच बोलता येतं. या दोन फेऱ्या, घरातले चार मोबाईल आणि शेजारच्या फ्लॅटचं वायफाय, सगळे त्याच वेळेसाठी भांडतात. कन्सोल वायरवर गेला की हवेतली वाहतूक एका झटक्यात निम्मी होते. बहुतेक घरांत राउटर टीव्हीजवळच असतो, म्हणजे दोन मीटरची वायर टीव्ही युनिटच्या मागे दडते. भिंतीवरून पट्टी न्यावी लागत नाही, घरच्यांना ती दिसतही नाही.

लॅपटॉप वायफायवर राहिला तरी तो ५ गिगाहर्ट्झच्या नावाला जोडा. २.४ गिगाहर्ट्झ लांब पोचतं, पण तिथे ब्लूटूथपासून मायक्रोवेव्हपर्यंत सगळ्यांची गर्दी असते. ५ ला भिंती सोसत नाहीत: आरसीसीची एक भिंत ओलांडताना ते बरंच क्षीण होतं, आणि कोकणातल्या चिऱ्याच्या जाड भिंतींपलीकडे तर नाव दिसतं पण खेळता येत नाही. अशा घरात लॅपटॉपपर्यंतही वायर न्या किंवा मधल्या खोलीत दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट (फक्त वायफाय पसरवणारा डबा) वायरने जोडा. वायरशिवायचा स्वस्त रिपीटर हवेतली आणखी एक फेरी वाढवतो. खेळासाठी तो घेऊ नका.

पहिल्या, जाड प्लेस्टेशन ४ मध्ये फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय आहे. त्याला राउटरचं ५ वालं नाव दिसणारच नाही. त्या मॉडेलला वायर हाच उपाय. त्याचा लॅन पोर्ट मात्र गिगाबिट आहे.

८. लॅनची वायर कोणती घ्यावी? केबलवाल्याने क्रिम्प करून दिलेली चालते का?

कॅट ५ई किंवा कॅट ६. घरासाठी ५ई पुरेशी आहे, १०० मीटरपर्यंत ती १ जीबीपीएस नेते. जास्त आकड्याच्या चपट्या, चमकदार वायरींना भुलू नका.

क्रिम्प केलेली (हाताने टोकाला प्लग दाबून बसवलेली) चालते, पण टोक तपासून घ्या. क्लिप खाली आणि सोनेरी पट्ट्या वर धरल्या की डावीकडून रंग असे दिसायला हवेत: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. वेग १०० एमबीपीएसवर अडकला असेल तर बहुधा निळी किंवा तपकिरी जोडी नीट बसलेली नसते, कारण १०० ला नारिंगी आणि हिरव्या जोड्याच पुरतात. खेळाच्या चित्राला १०० सुद्धा भरपूर होतं, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. मोठे गेम डाउनलोड करताना मात्र ते जाणवेल. आणि ही वायर लाइटच्या वायरींसोबत एकाच पाइपातून घालू नका, इलेक्ट्रिशियनने कितीही आग्रह केला तरी.

९. सगळं केलं, तरी लॅपटॉपला कन्सोल सापडत नाही. काय तपासू?

आधी दोघांचे आयपी पत्ते पाहा. कन्सोलवर नेटवर्कच्या 'कनेक्शन स्टेटस'मध्ये आणि लॅपटॉपवर वायफायच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये ते दिसतात. पहिले तीन आकडे जुळायला हवेत, म्हणजे एकाचा १९२.१६८.१.५ असेल तर दुसऱ्याचा १९२.१६८.१.१२ वगैरे. जुळत नसतील तर दोघं वेगळ्या नेटवर्कवर आहेत. घरात दोन राउटर असतील तर प्रश्न १० पाहा.

पत्ते जुळूनही सापडत नसेल तर लॅपटॉप 'गेस्ट' वायफायवर आहे का पाहा. गेस्ट नेटवर्क पाहुण्यांची उपकरणं एकमेकांपासून मुद्दाम तोडून ठेवतं. काही राउटरांत मुख्य वायफायलाही 'एपी आयसोलेशन' नावाचा पर्याय असतो, तो बंद हवा.

नंतर विंडोज. घरचं वायफाय 'पब्लिक' म्हणून नोंदलेलं असेल तर ते 'प्रायव्हेट' करा आणि फायरवॉल विचारेल तेव्हा अ‍ॅपला परवानगी द्या. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर कंपनीचा व्हीपीएन चालू आहे का बघा. तो सगळी वाहतूक ऑफिसकडे वळवतो आणि घरातला कन्सोल दिसेनासा होतो. काम संपल्यावर व्हीपीएन बंद करून पाहा. ऑफिसच्या मशीनवर असं अ‍ॅप टाकायची परवानगी आहे का, हेही आधी विचारून घ्या.

१०. फायबरवाल्याचा एक राउटर आहे आणि मी माझा एक लावलाय. त्याने काही बिघडतं का?

बिघडू शकतं. दोन्ही राउटर पत्ते वाटत असले की घरात दोन वेगळी नेटवर्कं तयार होतात. कन्सोल एकावर आणि लॅपटॉप दुसऱ्यावर गेला की भेट होत नाही. तुमच्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन तो 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड'वर टाका. मग पत्ते एकटा फायबरवाला राउटर वाटेल, तुमचा फक्त वायफाय पसरवेल. ऑनलाइन खेळातल्या नॅटच्या, म्हणजे घरचे पत्ते बाहेरच्या एका पत्त्यामागे ठेवणाऱ्या राउटरच्या सोयीच्या, तक्रारीही (प्रश्न १६) यातून बऱ्याचदा कमी होतात.

११. कन्सोल सापडतो, पण चित्र मध्येच फुटतं आणि आवाज तुटतो.

दोष कुठल्या टप्प्यात आहे ते आधी शोधा. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'पिंग', मग राउटरचा पत्ता, मग वजा चिन्हाला लागून 'टी' असं इंग्रजी अक्षरांत टाइप करा. पत्ता राउटरच्या स्टिकरवर असतो, बऱ्याच घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.२९.१. दोन मिनिटं आकडे पाहा, मग 'कंट्रोल' आणि 'सी' दाबून थांबवा.

वायरवर १ मिलिसेकंद किंवा त्याहून कमी दिसेल. वायफायवर २ ते १० च्या आसपास स्थिर असेल तर ठीक. ३, ४, ३, १२०, ५, ८० असं उसळत असेल तर दोष लॅपटॉप आणि राउटरच्या मधल्या हवेत आहे: जवळ जा, ५ गिगाहर्ट्झ घ्या किंवा वायर लावा. इथे सगळं शांत असूनही चित्र फुटत असेल तर कन्सोलच्या बाजूचा टप्पा तपासा. अ‍ॅपमध्ये रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणून पाहणंही शहाणपणाचं. लॅपटॉपच्या छोट्या स्क्रीनवर फरक थोडा दिसतो आणि अडखळणं बरंच कमी होतं. जुना लॅपटॉप चार्जर काढल्यावर मंदावतो, म्हणून खेळताना चार्जर लावलेला असू द्या.

१२. कंट्रोलर यूएसबीने जोडला, चार्ज होतोय, पण अ‍ॅपला दिसत नाही.

वायर बदला. पॉवर बँक आणि स्वस्त चार्जरसोबत येणाऱ्या बऱ्याच वायरींमध्ये डेटाच्या तारा नसतात, फक्त चार्जिंगच्या असतात. ज्या वायरने मोबाईलमधले फोटो कॉम्प्युटरवर येतात ती इथेही चालेल. प्लेस्टेशन ४ च्या कंट्रोलरला मायक्रो यूएसबी लागते, ५ च्या कंट्रोलरला टाइप सी.

१३. मी आत लॅपटॉपवर खेळतोय, तेवढ्यात भाऊ टीव्हीवर त्याच प्लेस्टेशनवर दुसरा गेम खेळू शकतो का?

नाही. कन्सोल एका वेळी एकच गेम चालवतो. टीव्ही त्या इनपुटवर असेल तर तुमचाच खेळ त्याला दिसत राहील. मालिका बघणाऱ्यांना मात्र काही त्रास नाही, टीव्ही दुसऱ्या इनपुटवर असला की झालं. तुम्ही कन्सोल जागा केल्यावर टीव्ही आपोआप त्याच्याकडे उडी मारत असेल तर कन्सोलच्या एचडीएमआय सेटिंगमध्ये 'एचडीएमआय डिव्हाइस लिंक' बंद करा. हे एक बटण बंद केल्याने बरेच घरगुती वाद मिटलेले आहेत.

१४. कन्सोल बंद असताना लॅपटॉपवरून चालू करता येतो का?

पूर्ण बंद असेल तर नाही, 'रेस्ट मोड'मध्ये असेल तर येतो. प्लेस्टेशन ५ वर 'पॉवर सेव्हिंग'मध्ये 'फीचर्स अव्हेलेबल इन रेस्ट मोड' उघडा आणि इंटरनेटला जोडलेलं राहणं व नेटवर्कवरून चालू होणं, हे दोन्ही पर्याय चालू करा.

आपल्याकडे अडचण लाइट जाण्याची आहे. रेस्ट मोडमध्ये असताना वीज गेली की कन्सोल पूर्ण बंद पडतो, आणि लाइट आल्यावर स्वतःहून उठत नाही. कुणीतरी जाऊन बटण दाबावं लागतं. भारनियमनाच्या भागात कन्सोल इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, किंवा न खेळताना पूर्ण बंद ठेवा.

१५. घरात राउटर नाही. लॅपटॉप मोबाईलच्या हॉटस्पॉटवर आहे. कन्सोल थेट लॅपटॉपला वायरने जोडता येईल?

येईल. साधी लॅन वायर घ्या, उलट्या जोडणीची खास वायर आता लागत नाही. विंडोजच्या 'नेटवर्क कनेक्शन्स'मध्ये वायफायच्या 'प्रॉपर्टीज'मधल्या 'शेअरिंग' टॅबवर जा, इतरांना इंटरनेट वापरू द्यायची खूण करा आणि खाली लॅनचा पोर्ट निवडा. लॅपटॉप स्वतःला १९२.१६८.१३७.१ हा पत्ता घेतो आणि कन्सोलला त्याच मालिकेतला देतो. कन्सोलवर सगळं 'ऑटोमॅटिक' ठेवा.

भाड्याच्या खोलीत किंवा हॉस्टेलवर ही सोय मोलाची आहे, आणि चित्र थेट वायरने येत असल्यामुळे रिमोट प्ले सुरेख चालतो. लॅपटॉप झोपला की कन्सोलचं इंटरनेटही जातं, हे लक्षात ठेवा.

१६. 'नॅट टाइप ३' किंवा 'स्ट्रिक्ट' दाखवतं. त्यामुळे घरातली जोडणी अडेल का?

घरातली नाही. नॅटचा संबंध बाहेरच्या जगाशी आहे: मित्रांचा आवाज न येणं, लॉबीत न शिरता येणं. राउटरमागच्या कन्सोलला सहसा टाइप २ मिळतो आणि तो पुरेसा असतो. दोन राउटर (प्रश्न १०) किंवा लॅपटॉपमार्फत जोडणी (प्रश्न १५) असेल तर ३ दिसू शकतो. राउटरमध्ये 'यूपीएनपी' (कन्सोलला लागणारे पोर्ट आपोआप उघडणारी सोय) चालू करून पाहा. तेवढ्याने फरक पडला नाही तर कंपनी अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देत असेल. तिथे पोर्ट उघडण्यात वेळ घालवू नका, कंपनीकडे स्वतंत्र पब्लिक आयपी मिळतो का ते विचारा.

१७. कन्सोल साताऱ्याला घरी, मी पुण्यात कॉलेजला. खेळता येईल?

जोडणी होते, आणि इथे मात्र इंटरनेट प्लॅनला महत्त्व येतं, तेही घरच्या बाजूच्या अपलोडला. डाउनलोड १०० आणि अपलोड १० असा प्लॅन असेल तर चित्र १० च्या आतच मावायला हवं. पाळीपाळीने चाल करायचे खेळ, गोष्टीचे खेळ चांगले चालतात. फुटबॉल, फायटिंग, शूटिंगमध्ये उशीर बोचतो. निघण्याआधी घरातल्या वायफायवर एकदा पूर्ण जोडणी करून पाहा आणि प्रश्न १४ मधली विजेची अडचण सोडवून जा.

१८. कॉम्प्युटरवरचे सिनेमे आणि फोटो कन्सोलमार्फत टीव्हीवर बघता येतात का? आणि कॉम्प्युटरवरचे गेम?

प्लेस्टेशन ३, प्लेस्टेशन ४ चा 'मीडिया प्लेअर' आणि एक्सबॉक्स हे 'डीएलएनए' (घरच्या नेटवर्कवरून सिनेमे, फोटो दाखवायची ठरलेली पद्धत) समजतात. विंडोजमध्ये 'मीडिया स्ट्रीमिंग' चालू केलं की फोल्डर टीव्हीवर दिसू लागतात. प्लेस्टेशन ५ मध्ये डीएलएनए नाही. तिथे कॉम्प्युटरवर 'प्लेक्स' सर्व्हर आणि कन्सोलवर प्लेक्स अ‍ॅप हा मार्ग आहे.

कॉम्प्युटरवरचा गेम टीव्हीवर आणायचा असेल तर एक्सबॉक्ससाठी मायक्रोसॉफ्टचं 'वायरलेस डिस्प्ले' अ‍ॅप आहे. प्लेस्टेशनमध्ये अशी सोय नाही. आणि खरं सांगायचं तर या कामाला कन्सोल लागतच नाही: लॅपटॉपची एचडीएमआय वायर टीव्हीला लावा, ती दिशा बरोबर आहे.

१९. मॅक, लिनक्स आणि निन्टेन्डो स्विचचं काय?

मॅकसाठी सोनीचं अधिकृत अ‍ॅप आहे. एक्सबॉक्स मॅकवर ब्राउझरमधून चालतो. लिनक्ससाठी सोनीचं अ‍ॅप नाही. 'चियाकी' हा मुक्त स्रोत प्रकल्प लोक वापरतात, पण तो अधिकृत नाही हे जाणून वापरा. स्विचचा खेळ नेटवर्कवरून कॉम्प्युटरवर पाठवायची सोय निन्टेन्डोने दिलेली नाही. त्याला कॅप्चर कार्डच लागतं. स्क्रीनशॉट मात्र यूएसबी वायरने कॉम्प्युटरवर घेता येतात.

२०. एकच गेम रिमोट प्लेवर सुरू होत नाही, बाकी सगळे होतात. असं का?

तीन शक्यता. गेम डिस्कवरचा असेल तर डिस्क कन्सोलमध्ये हवी. ती आधीच घालून ठेवा. व्हीआर हेडसेटचे गेम रिमोट प्लेवर चालत नाहीत. आणि काही मोजक्या गेमना बनवणाऱ्यांनीच ही सोय दिलेली नसते, तिथे सेटिंग बदलून उपयोग नाही. ब्लू-रे आणि डीव्हीडी सिनेमेही या मार्गाने लॅपटॉपवर येत नाहीत. विकत घेण्याआधी स्टोअरच्या पानावर त्या गेमच्या माहितीत 'रिमोट प्ले सपोर्टेड' असा उल्लेख आहे का, तेवढं पाहून घ्या.